कादंबरीवरून अद्भुत सिनेमाची पटकथा: आधी काय, नंतर काय

जुन्या अद्भुत कादंबरीवर सिनेमा लिहायचा म्हटलं की बहुतेक जण पुस्तक एकदा चाळतात, त्यावरचा गाजलेला सिनेमा दोनदा बघतात आणि थेट पहिल्या सीनचे संवाद लिहायला बसतात. चाळीसेक पानांवर गाडी अडते. पात्रांची जत्रा झालेली असते, जादू कुणाला कधी चालते याचा पत्ता नसतो आणि जे काही बरं जमलेलं असतं ते आधीच्या सिनेमातलं निघतं. असे मसुदे मी बरेच वाचले आहेत. लिहिणाऱ्यांच्या कल्पकतेत खोट नव्हती, कामं उलट्या क्रमाने झाली होती.

उदाहरणाला एकच कादंबरी शेवटपर्यंत धरू: एल. फ्रँक बॉम यांची १९०० सालची 'द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ' आणि तिच्यावरचा एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओचा १९३९चा चित्रपट. पुस्तक लहान आहे, सहज मिळतं, आणि दोन्ही शेजारी ठेवले की पटकथाकारांनी कात्री कुठे चालवली ते स्वच्छ दिसतं. गोष्ट थोडक्यात अशी: कॅन्ससच्या माळरानावरची डोरोथी आणि तिचा कुत्रा टोटो वावटळीत घरासकट ऑझ देशात जाऊन पडतात. मेंदू हवा असलेलं बुजगावणं, हृदय हवं असलेला टिनचा लाकूडतोड्या आणि धैर्य हवं असलेला सिंह यांच्यासोबत ती जादूगाराकडे निघते. तिला फक्त घरी जायचं असतं.

तयारी: टेबलावर काय हवं

संपूर्ण मूळ पुस्तक हवं, संक्षिप्त आवृत्ती नको. मुलांसाठीच्या छोट्या आवृत्त्यांनी कात्री आधीच चालवलेली असते आणि तुम्ही नकळत दुसऱ्याच्या निवडीवर काम करू लागता. त्याशिवाय एक प्रत खुणा करायला, दोन रंगांच्या पेन्सिली, शंभरेक कोरी कार्डं आणि एक वही. पटकथा लिहायचं सॉफ्टवेअर आठव्या टप्प्यापर्यंत उघडायचं नाही.

आणखी एक कागद घ्या. आधीचा सिनेमा पाहिला असेल तर त्यातलं जे जे आठवतं ते सगळं त्यावर लिहा: लाल बूट, हिरव्या तोंडाची चेटकीण, झाडू, शेवटी पलंगावर जाग येणं. कागद पाकिटात घालून ठेवा. पहिल्या टप्प्यात तो लागेल आणि अगदी शेवटी पुन्हा. काम संपेपर्यंत तो सिनेमा पुन्हा बघायचा नाही.

१. हक्क: एक शब्द लिहिण्यापूर्वी

भारतात साहित्यकृतीचे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतात. मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून होते. बॉम १९१९ साली वारले, त्यामुळे त्यांचं पुस्तक केव्हाच मुक्त झालं. पुस्तक किती जुनं आहे यावरून अंदाज बांधू नका, लेखक कधी वारला ते शोधा. १९३०चं पुस्तक आणि लेखक १९८०पर्यंत हयात, असं असेल तर हक्क अजून शाबूत आहेत.

यातले तीन खड्डे लोकांना हमखास दिसत नाहीत.

पहिला, मराठी अनुवाद. मूळ मुक्त असलं तरी अनुवादकाचे हक्क वेगळे असतात. तुम्ही मराठी अनुवाद वाचून त्यातली वाक्यं, नावं, गमती उचलल्या तर परवानगी अनुवादकाची किंवा त्याच्या वारसांची लागते.

दुसरा, पुढचे भाग. बॉम यांनी ऑझची १४ पुस्तकं लिहिली. त्यांच्यानंतर रूथ प्लमली थॉम्पसन यांनी मालिका पुढे चालवली, आणि त्या १९७६ साली वारल्या. त्यांनी निर्माण केलेलं एखादं पात्र आवडलं म्हणून आत आणलं की तुम्ही मुक्त अंगणातून दुसऱ्याच्या कुंपणात शिरलात.

तिसरा आणि सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे आधीचा सिनेमा. १९३९च्या चित्रपटाचे हक्क अमेरिकेत २०३४ अखेरपर्यंत आहेत. भारतात चित्रपटाची मुदत प्रदर्शनापासून ६० वर्षं मोजतात हे खरं. पण त्यातल्या गाण्यांचे शब्द आणि चाली या स्वतंत्र कृती आहेत. गीतकार हारबर्ग १९८१ साली आणि संगीतकार आर्लेन १९८६ साली वारले. शिवाय तुमचा सिनेमा परदेशी व्यासपीठावर गेला की तिथला कायदा आडवा येतो.

आता पाकिटातला कागद काढा आणि प्रत्येक गोष्टीपुढे 'पुस्तक' किंवा 'सिनेमा' लिहा. माणकांचे लाल बूट सिनेमाचे, पुस्तकात ते चांदीचे आहेत. हिरवी कातडी सिनेमाची, पुस्तकातली पश्चिमेची दुष्ट चेटकीण एकाक्ष आहे. ओळखीचे शेतमजूर ऑझमध्ये मित्र बनून भेटतात तेही सिनेमाचं. ऑझ हे स्वप्न होतं ही कल्पनाही सिनेमाचीच. पुस्तकात ऑझ खराखुरा देश आहे.

तपासा: कागदावरच्या प्रत्येक ओळीपुढे शिक्का पडला का? 'सिनेमा' शिक्का असलेली एकही गोष्ट पुढे न्यायची नाही. पैसे लावणारा कुणी मिळाला असेल तर या टप्प्यावर वकिलाला एकदा दाखवा. शूटिंगनंतर दाखवण्यापेक्षा स्वस्त पडतं.

२. तीन वाचनं

पहिलं वाचन हातात पेन्सिल न घेता, शक्य तितक्या कमी बैठकांत. संपल्यावर पुस्तक मिटून वहीत दहा गोष्टी लिहा, ज्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. ही यादी जपा. तुम्हाला हा सिनेमा का करायचा आहे ते त्यात आहे.

दुसरं वाचन पेन्सिलीने. एका रंगाने दिसणाऱ्या आणि ऐकू येणाऱ्या गोष्टी, दुसऱ्या रंगाने फक्त निवेदक सांगतो म्हणून कळणाऱ्या गोष्टी. पश्चिमेची चेटकीण पाण्याला भिते हे पुस्तकात निवेदक सांगून टाकतो, म्हणजे दुसरा रंग. पण तिच्या हातात कायम एक जुनी छत्री असते. हा पहिला रंग. कोरड्या दिवशी छत्री घेऊन फिरणारी बाई पडद्यावर दोन सेकंदांत सगळं सांगून जाते. अशा छत्र्या शोधायलाच दुसरं वाचन असतं.

तिसरं वाचन यादीसाठी, तो पुढचा टप्पा.

३. घटनांची यादी

वहीत चार रकाने आखा: प्रकरण, कोण कोण आहे, काय घडतं, त्यामुळे काय बदललं. २४ प्रकरणांची सगळी यादी करा, कंटाळा आला तरी.

चौथा रकाना रिकामा राहिला तर तो रिकामाच सोडा, ओढूनताणून भरू नका. चिनी मातीच्या बाहुल्यांच्या देशातून मंडळी जातात ते प्रकरण गोड आहे, पण तिथून बाहेर पडताना कुणाचंच काही बदललेलं नसतं. रकाना कोरा. ही माहिती पाचव्या टप्प्यात सोन्यासारखी उपयोगी पडते.

सावधान: यादी करताना 'हे कसं दाखवणार' हा विचार सुरू झाला की पेन खाली ठेवा. खर्चाची भीती आत्ताच शिरली तर चांगल्या गोष्टी आपोआप गळतात.

४. कणा

एका वाक्यात लिहा: कुणाला काय हवं आहे आणि ते सहज का मिळत नाही. 'डोरोथीला घरी जायचं आहे. रस्ता ज्याला ठाऊक आहे असं सगळे सांगतात त्या जादूगाराला स्वतःलाच तो ठाऊक नाही.' एवढं पुरे.

इथे होणारी चूक म्हणजे कण्यात विषय लिहिणं. 'मैत्री आणि धैर्याची गोष्ट' हा कणा नव्हे, ती पोस्टरवरची ओळ आहे. तिच्याकडे बघून कुठला सीन ठेवायचा आणि कुठला काढायचा हे ठरवता येत नाही.

वाक्य कार्डावर लिहून भिंतीला लावा.

५. कापणं आणि जोडणं

खरी मेहनत इथे आहे, घाई करू नका.

आधी काय कापायचं. पुस्तकात जादूगार पंधराव्या प्रकरणात उघडा पडतो, पडद्याआडचा साधा म्हातारा निघतो, आणि सतराव्यात फुग्यातून निघून जातो. त्यानंतर सात प्रकरणं उरतात: माणसांना पकडणारी झाडं, मातीच्या बाहुल्या, डोक्याने हाणून पाडणारे हातोडीडोके, मग दक्षिणेची चांगली चेटकीण ग्लिंडा. वाचताना मजा येते. पडद्यावर मात्र मोठं गुपित फुटल्यावर पुन्हा प्रवास सुरू झाला की प्रेक्षक घड्याळ बघतो. जेमतेम पावणेदोन तासांच्या सिनेमाने हा सगळा प्रवास काढून टाकला आणि ग्लिंडाला सरळ तिथेच आणलं. तुमच्या यादीत चौथा रकाना कोरा असलेल्या घटना पहिल्यांदा जातात; गुपित फुटल्यानंतरच्या घटना दुसऱ्यांदा.

पहिल्या वाचनातल्या दहा गोष्टींपैकी एखादी यात जात असेल तर ती वेगळ्या कार्डावर ठेवा. सगळ्या वाचवता येत नाहीत. दोन वाचल्या तरी खूप झालं.

मग जोडणं. पुस्तकात जादूगार चौघांना वेगवेगळ्या दिवशी भेटतो आणि दर वेळी वेगळा दिसतो: प्रचंड डोकं, सुंदर स्त्री, अक्राळविक्राळ जनावर, आगीचा गोळा. कागदावर ही चढती कमान आहे. पडद्यावर तोच दरबार, तीच मागणी आणि तोच नकार चार वेळा. सिनेमाने चौघांना एकदमच आत नेलं. एकाच कामाचे सीन एकत्र करायचे, हा सोपा भाग.

पात्रं जोडणं अवघड असतं. पुस्तकात चांगल्या चेटकिणी दोन आहेत. उत्तरेची सुरुवातीला भेटते, तिला डोरोथीच्या जादूच्या बुटांची ताकद माहीत नाही. दक्षिणेची ग्लिंडा शेवटी भेटते आणि तिला ती माहीत आहे. सिनेमाने दोघींची एक केली. एक नटी, एक पोशाख, सुटसुटीत. पण लगेच भोक पडलं: बूट घरी नेऊ शकतात हे हिला ठाऊक होतं तर पहिल्याच भेटीत का नाही सांगितलं? सिनेमाला शेवटी तिच्या तोंडी खुलासा घालावा लागला की तेव्हा सांगितलं असतं तर तुझा विश्वास बसला नसता. ती ओळ वेळ मारून नेते, इतकंच. माझं मत विचाराल तर दोन चेटकिणी ठेवणं परवडलं असतं.

सावधान: दोन पात्रं एक करण्यापूर्वी दोघांना काय काय माहीत आहे ते शेजारी-शेजारी लिहा. एकाच्या अज्ञानावर गोष्ट चालत असेल तर जोडणी रद्द.

तपासा: कापल्या-जोडल्यावर उरलेली यादी कुणाला तरी तोंडी सांगा, दहा मिनिटांत. 'मग' म्हणून पुढे जाता येत असेल तर अजून कापायचं आहे. 'म्हणून' आणि 'पण' जास्त यायला हवेत.

६. कारणं: घडतं की घडवतात

जुन्या कादंबऱ्यांत गोष्टी नायकावर येऊन आदळतात. पुस्तकात वावटळ येते, टोटो पलंगाखाली लपतो, त्याला काढता काढता डोरोथीला उशीर होतो, एवढंच. सिनेमाने त्याआधी वीसेक मिनिटं खर्च केली. शेजारीण कुत्रा घेऊन जाते, तो सुटून येतो, डोरोथी त्याला घेऊन घर सोडते, पस्तावून परतते तोवर सगळे तळघरात गेलेले. आता ती वावटळीत सापडते ते तिच्याच निर्णयामुळे. तो प्रसंग तुम्ही घ्यायचा नाही, तो सिनेमाचा आहे. पद्धत मात्र कुणाच्या मालकीची नसते: मोठ्या आपत्तीच्या आधी नायकाचा एक निर्णय ठेवा.

उलट उदाहरणही बघा. पुस्तकात चेटकीण अदृश्य लोखंडी दांडा ठेवून डोरोथीला पाडते, निसटलेला बूट बळकावते आणि डोरोथी संतापून तिच्या अंगावर बादलीभर पाणी ओतते. सिनेमात पेटलेल्या बुजगावण्याला वाचवायला ती पाणी फेकते आणि ते चेटकिणीवर उडतं. सिनेमातली मुलगी जास्त निष्पाप राहिली, पण ऐन मोक्याला अपघात झाला. मला पुस्तकातली रागावलेली मुलगी जास्त खरी वाटते. मूळ नेहमी मागासलेलंच असतं असं धरून चालू नका.

खलपात्राची हजेरी हाही इथलाच मुद्दा. पुस्तकात पश्चिमेची चेटकीण समोर येते ती थेट बाराव्या प्रकरणात. अर्ध्या सिनेमापर्यंत विरोध करणारं कुणी नसेल तर रस्ता नुसती सहल होतो. तिला लवकर आणा, पण आणण्याची तऱ्हा तुमची स्वतःची शोधा. सावली, निरोप, पाळलेले कावळे काहीही चालेल. कावळे, लांडगे आणि मधमाश्या पुस्तकातच तिच्या दिमतीला आहेत.

७. जादूची खातेवही

प्रत्येक जादूसाठी एक पान: कुणाची, मर्यादा काय, कुणाकुणाला माहीत, पहिल्यांदा कधी दिसते, कामाला कधी येते.

पुस्तकातली सोन्याची टोपी नमुना म्हणून घ्या. जिच्याकडे टोपी, तिच्या तीनच हाका उडती माकडं ऐकतात. चेटकिणीच्या तिन्ही संपतात. मग टोपी डोरोथीकडे येते. तिची पहिली हाक जादूगाराच्या पाचूनगरीत परतायला जाते. दुसरी वाया जाते, कारण माकडं आपला देश सोडून वाळवंटापार कॅन्ससला जाऊ शकत नाहीत. तिसरी ग्लिंडाकडे पोचायला. मोजलेली जादू असल्यामुळे प्रत्येक वापराला वजन येतं. सिनेमात ही मोजणी दिसतच नाही, माकडं नुसती हुकमाची ताबेदार आहेत. तुमच्यासाठी ही न वापरलेली मोकळी जमीन आहे.

नियम दिसला पाहिजे, ऐकवला नव्हे. त्याला पैसेच लागतात असंही नाही. १९३९मध्ये कॅन्सस तपकिरी छटेत आणि ऑझ रंगीत ठेवलं. दार उघडण्याच्या शॉटसाठी घराचा आतला भाग चक्क तपकिरी रंगवला होता आणि पाठमोरी दिसणारी मुलगी ही नटीच्या जागी उभी केलेली बदली होती, तपकिरी कपड्यांतली. रंगाचा डबा आणि एक बदली मुलगी.

तपासा: शेवटी कामाला येणारी प्रत्येक जादू पहिल्या अर्ध्यात कुठे दिसते? उत्तर नसेल तर पान अपुरं आहे.

८. वन लाईन

वन लाईन म्हणजे सगळ्या सीनची क्रमाने मांडलेली थोडक्यात यादी. त्यासाठी आता कार्डं. एका कार्डावर एक सीन: जागा, वेळ, कोण, काय घडतं, पुढे काय ढकलतं. पाच ओळींच्या वर नाही. सगळी जमिनीवर पसरा आणि चालत चालत वाचा. सलग तीन कार्डांवर रस्ताच असेल तर एक उचला. साठ ते सत्तर कार्डांत सिनेमा बसायला हवा. शंभर झाली तर पाचव्या टप्प्यावर परत जा.

मगच सॉफ्टवेअर उघडा आणि सीनचे मथळे टाका.

९. मसुदा, आणि मराठीचे स्वतःचे प्रश्न

पहिला मसुदा शक्यतो संवादांशिवाय, नुसत्या कृतीचा. संवाद दुसऱ्या फेरीत. हा सल्ला ऐकून लोक मान डोलावतात आणि पहिल्याच पानावर संवाद लिहितात, असो.

अनुवादात न दिसणाऱ्या अडचणी इथे समोर येतात. बुजगावणं नपुंसकलिंगी. ते 'मी आलो' म्हणणार की 'मी आलं'? आधी ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. डोरोथी जिच्याकडे वाढते त्या आंट एमचंच बघा: 'आंट' हा शब्द नातं आईकडचं की वडिलांकडचं ते सांगत नाही. मराठीत मावशी, आत्या की काकू हे तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि अनाथ मुलीच्या गोष्टीत त्याने अर्थ बदलतो. मावशी म्हटलं की आईची आठवण आपोआप आत येते.

चांगल्या चेटकिणीला 'परी' करण्याचा मोह होतो. करू नका. चेटकिणी सगळ्या दुष्टच असतात असं डोरोथी समजत असते आणि समोरची चेटकीणच तिला खोटं पाडते. दोघींना एकच शब्द नसेल तर ती गंमत मरते.

एक फायदाही आहे. जादूगाराशी दरबारात 'आपण', पडद्याआडचा साधा म्हातारा उघडा पडला की 'तुम्ही', आणि रागाच्या भरात एकदा 'तू'. इंग्रजी पटकथेला हे जमत नाही.

सावधान: पुस्तकातली लांब वाक्यं संवादात तशीच टाकू नका. प्रत्येक संवाद मोठ्याने म्हणा. जीभ अडखळली की वाक्य तोडा.

१०. शेवटची तपासणी

देवनागरी पटकथेत 'एक पान म्हणजे एक मिनिट' हा हिशेब नीट लागत नाही, फॉन्टप्रमाणे पानं फुगतात. तीन-चार जणांना बसवून पूर्ण वाचन करा आणि घड्याळ लावा. कृतीच्या ओळीही वाचायच्या. मुलांचा सिनेमा असेल तर दोन-तीन मुलं बसवा आणि ती कुठे चुळबुळ करतात तिथे समासात खूण करा. त्यांना 'आवडलं का' विचारू नका, ती हो म्हणतात.

मग पाकिटातला कागद पुन्हा काढा. 'सिनेमा' शिक्का मारलेलं काही पटकथेत शिरलं आहे का ते ओळीओळीने बघा. बुटांचा रंग तर हमखास बदललेला सापडतो. माझ्या एका मसुद्यात पान ६१वर ते लाल झाले होते आणि चार जणांनी वाचूनही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

हे झाल्यावर पटकथा नोंदवा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या सभासदांना ऑनलाइन नोंदणी करता येते. मुखपृष्ठावर मूळ कादंबरी आणि लेखकाचं नाव लिहा, पुस्तक हक्कमुक्त असलं तरी. निर्मात्याला पाठवायची प्रत नोंदणीनंतरचीच. नोंदवलेल्या आणि पाठवलेल्या फाइलचं नाव व तारीख एकच आहे ना, ते पाठवण्याआधी बघून घ्या.